घड्याळजींची दाढी

मनोरुग्णालयात दाढी करायला हात हलका लागतो, असं लोक म्हणतात. हात नंतर. आधी पाय घट्ट लागतात. समोरचा माणूस केव्हा उठेल, केव्हा वळेल, केव्हा आनंदानं गळ्यात पडेल याचा नेम नसतो आणि आपल्या हातात उघडा वस्तरा असतो. साबणकाका एक गुडघा खुर्चीच्या पायाला टेकवून उभे राहत. खुर्ची हलायच्या आधी गुडघ्याला कळे. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एकाही माणसाला टाका घालावा लागला नाही.

पुरुषांच्या वॉर्डात साठ खाटा होत्या. माणशी आठवड्याला दोन दाढ्या, म्हणजे एकशेवीस. रविवारी सुट्टी. दिवसाला वीस. एका दाढीला आठ मिनिटं, त्यातली पाच साबणाची. वस्तरा तीनच मिनिटं. कुणी घाई केली तर काका म्हणत, "केस मऊ झाला की भांडत नाही. माणसाचंही तसंच असेल, पण ते डॉक्टर बघतील." या पाच मिनिटांमुळेच त्यांना साबणकाका हे नाव पडलं. खरं नाव कागदावर राहिलं.

वस्तरे तीन. एक हातात, दोन उकळत्या पाण्यात. हातातल्या वस्तऱ्याच्या मुठीला पातळ साखळी, साखळीचं दुसरं टोक कमरेच्या पट्ट्याला. ही युक्ती काकांची स्वतःची. संध्याकाळी तिन्ही वस्तरे मोजून मुकादमाच्या हातात द्यायचे आणि त्यानं ते कपाटात ठेवून कुलूप लावायचं. मुकादम म्हणजे वॉर्डातल्या कामगारांचा वरचा माणूस. तोंडानं फाटका, कामाला पक्का.

आजाराबद्दल काका कुणाला काही विचारत नसत. एक जण रोज सांगे, "काका, मी मेलोय." काका म्हणत, "बरं झालं. मेलेला माणूस हलत नाही. मान वर." तो खरंच हलत नसे. दुसरा स्वतःला न्यायाधीश समजे. त्याला काका सांगत, "साहेब, निकाल देताना हनुवटी वर लागते," आणि गळ्याखालचा अवघड भाग उरकून घेत.

वस्तरा उजव्या हातात असला तरी खरं काम डाव्या अंगठ्याचं. त्यानं कातडी ताणायची. काकांच्या अंगठ्याला साठही हनुवट्या पाठ होत्या. कुणाचे केस कोणत्या दिशेला फिरतात, कुणाच्या जबड्यावर जुना व्रण आहे, कुणाचा गाल गेल्या आठवड्यापेक्षा आत गेलाय, सगळं. डोळे बांधले असते तरी त्यांनी माणूस ओळखला असता.

वॉर्डात दाढीची नोंदवही होती. प्रत्येक रुग्णाला एक पान आणि दाढी झाली की चौकोनात एक खूण. बाहेरचे पाहुणे इस्पितळ बघायला आले की मोठे साहेब, म्हणजे मुख्य डॉक्टर, ती वही उघडून दाखवत. "बावीस वर्षं. एक चौकोन रिकामा नाही." काका तेव्हा उकळत्या वस्तऱ्यांकडे बघत राहत, पण त्यांचे कान टवकारलेले असत. मुकादम वर्षअखेर निवृत्त होणार होता आणि त्याच्या जागी काकांचं नाव जवळजवळ ठरलं होतं. ते या वहीच्या जोरावरच.

घड्याळजी या वॉर्डात आले त्याला दीड वर्ष झालं होतं. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, वय पंचेचाळीसच्या आसपास, लग्न नाही, थोरल्या बहिणीच्या घरात वरची खोली. आधी ते कामात मंद झाले. एकाचं घड्याळ दुसऱ्याला देऊ लागले. मग सांगू लागले की शेजारी भिंतीला भोकं पाडून खोलीत गार हवा सोडतात. ऐन उन्हाळ्यात दोन स्वेटर घालून बसत. भिंतीच्या भेगांत चिंध्या कोंबून झाल्या आणि एक दिवस त्यांनी हातोडा घेऊन ती भिंतच फोडली. मग इथे आणलं.

बहिणीनं दाखल करताना स्वतःच सांगितलं होतं, "माझ्यामुळे झालं. मी त्याला बोलले. म्हटलं, दुकान जमत नसेल तर कुलूप लाव, पण असा लोळत राहू नकोस. त्यानंतर तीन आठवड्यांत डोकं फिरलं त्याचं." फायलीत 'आजाराचं कारण' असा एक रकाना असतो. त्यात लिहिलं गेलं: थोरल्या बहिणीशी वाद, मनाला लागलं. ताई दर रविवारी यायच्या, भावासमोर तासभर बसायच्या. तो एकच वाक्य बोलायचा. "खिडकी लाव."

आले तेव्हा घड्याळजींची दाढी काळीभोर, तारेसारखी. वस्तरा तिच्यावरून जाताना करकर आवाज करी. काकांनी त्यांच्यापुरती साबणाची सात मिनिटं केली होती. पुढे दाढी नरम पडली. मग विरळ झाली. मग अशी वेळ आली की सोमवारी दाढी केली तर गुरुवारी हात फिरवायला काही नसे. काकांना ते बरंच वाटलं. विसातला एक कमी. चौकोनात खूण करायची आणि पुढच्याला हाक मारायची. गेले चार महिने घड्याळजींच्या गालाला वस्तरा पंधरा दिवसांतून एकदाच लागत होता. वहीत मात्र सोमवार, गुरुवार, सोमवार, गुरुवार. एकही चौकोन रिकामा नाही.

औषधांनी फरक पडेना, म्हणून मोठ्या साहेबांनी घड्याळजींना पलीकडच्या इमारतीत पाठवायचं ठरवलं. तिथे कायमचे रुग्ण असत. बावीस वर्षांत तिथून परत आलेली माणसं काकांनी तीन मोजली होती. शुक्रवारी हलवायचं होतं. त्याआधी फायलीसाठी नवा फोटो लागतो, म्हणून सोमवारी काकांना निरोप आला: केस कापा, नीट दाढी करा.

काकांनी साबण लावला आणि अंगठ्यानं गाल ताणला. तो ताणला जाईना. कातडी जाड आणि गार, विझलेल्या मेणबत्तीसारखी. कंगव्यात केसांचा पुंजका आला. फोटोग्राफर शेजारी उभा होता. त्यानं फायलीतला जुना फोटो काढून समोर धरला.

"काका, हाच का माणूस? की फाईल चुकली?"

जुन्या फोटोतला चेहरा निमुळता, भुवया दाट. खुर्चीतला चेहरा सुजलेला, पापण्या जड, आणि दोन्ही भुवयांची बाहेरची टोकं गळून गेलेली. जणू कुणी खोडरबरानं पुसली. हा चेहरा दर पंधरवड्याला काकांच्या हाताखालून गेला होता.

"हाच," काका म्हणाले.

मग खुर्चीकडे वाकून त्यांनी विचारलं, "घड्याळजी, थंडी वाजते का हो?"

घड्याळजींनी बऱ्याच वेळानं उत्तर दिलं. आवाज घोगरा, जीभ जड. "भिंतीतून... सोडतात."

काकांनी त्यांचं तोंड पुसलं, पावडर लावली आणि साखळी पट्ट्यातून सोडवून वस्तरा पाण्यात टाकला. वीस दाढ्या पूर्ण होण्याआधी त्यांनी साखळी सोडली, असं त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं.

वॉर्डात दोन वर्षांपासून एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. माणसाचं मन बिघडतं ते कशानं, याचा त्या अभ्यास करत होत्या. प्रत्येक फायलीतला तो कारणाचा रकाना पुन्हा तपासायचं काम त्यांनी अंगावर घेतलं होतं. मुकादम म्हणायचा, "बाई कारण शोधतायत. माझं कारण विचारा म्हणावं, घरीच बसलंय." काका बाईंना व्हरांड्यात गाठून म्हणाले,

"बाई, घड्याळजींची दाढी वाढत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे वाढत नाही. आले तेव्हा वाढायची. आता नाही. कातडीपण गार लागते, सुजलेली. भुवया बघा."

बाईंनी हसण्यावारी नेलं नाही. त्या जाऊन नोंदवही घेऊन आल्या, पान काढलं, बोट फिरवलं.

"पण काका, इथे तर आठवड्याला दोनदा आहे. अगदी गेल्या गुरुवारपर्यंत. वाढत नसती तर तुम्ही केली कशाला असती? सूज औषधांनीही येते, आणि गारव्याचं तर त्यांच्या डोक्यातच आहे. तुम्हाला चुकून तसं वाटलं का?"

खरं तर तिथेच बोलायला हवं होतं. काकांनी वहीकडे पाहिलं. स्वतःच्या हातच्या खुणा, सगळ्या एका मापाच्या. "असेल," एवढंच ते म्हणाले आणि उरलेल्या दाढ्यांकडे वळले.

घरी काकांची बायको शर्टांच्या कॉलरी शिवून द्यायची. संध्याकाळी जेवताना तिनं विचारलं, "अहो, भाजीत मीठ नाही. तुम्ही बोलला नाहीत."

"कळलं नाही."

"तीस वर्षांत पहिल्यांदा कळलं नाही. काय झालंय?"

काकांनी सगळं सांगितलं. ती हातातला घास ताटात ठेवून ऐकत राहिली.

"गप्प बसलात ते मुकादम व्हायचंय म्हणून, की लाज वाटली म्हणून?"

"दोन्ही."

"मग आधी लाजेचं निपटा. मुकादमाचं काय, मी शेजारी सांगून बसलेय. आता परत जाऊन नाही म्हणून सांगेन. माझ्या तोंडाला काय, सवय आहे."

"अगं, पण माझंच चुकलं असेल तर? मी काय डॉक्टर आहे?"

"नसेना का. चुकलं तर तुमचं नाक कापलं जाईल. नाही सांगितलं तर त्या माणसाचं काय होईल ते तुम्हीच बघा."

बुधवारी डॉक्टरांची बैठक असे. लांब टेबल, सात-आठ डॉक्टर, फायलींचा ढीग, दाराशी मुकादम. घड्याळजींची फाईल निघाली तेव्हा काका आत आले. साखळी कमरेला तशीच लोंबत होती.

मोठ्या साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "काय साबणकाका, इथे कुणाला दाढी करायची आहे?"

"साहेब, एक मिनिट बोलायचंय. घड्याळजींबद्दल."

"बाईंनी सांगितलं मला. वही पाहिली मी. वही तर उलटं सांगते."

"वही खोटी आहे, साहेब."

मुकादम दाराशी ताठ झाला.

काका सांगत गेले. "चार महिने मी पंधरा दिवसांतून एकदा त्यांची दाढी केली. खुणा मात्र दोन-दोन केल्या. दाढीच नव्हती, म्हणून काम वाचलं म्हटलं. माझ्या हाताखालून बावीस वर्षांत शेकडो माणसं गेली. कुणी रडणारे, कुणी मारणारे, एक तर मेलेला आहे. उदास माणसाची दाढी वाढते. चवताळलेल्याची वाढते. जेवण सोडलेल्याचीसुद्धा वाढते. औषधं सगळ्यांना चालू आहेत, तरी वाढते. डोकं फिरलं म्हणून कुणाची दाढी थांबलेली मी बघितली नाही. याची थांबली. म्हणजे याचं काहीतरी वेगळं आहे. काय ते मला माहीत नाही."

मग मोठ्या साहेबांनी विचारलं, "आणखी कुणाच्या खुणा खोट्या आहेत?"

"कुणाच्या नाहीत."

"कशावरून मानायचं?"

"मानू नका, साहेब. आता तुम्ही का मानावं? पण याचं तपासा. शुक्रवार परवावर आलाय."

डॉक्टरीणबाईंनी तोवर फायलीतले दोन्ही फोटो शेजारी ठेवले होते. त्या हळूच म्हणाल्या, "सर, थायरॉईड. रक्त तपासलंच नाहीये आपण. दाखल करताना कारण हाताशी होतं, म्हणून पुढे कुणी बघितलं नाही. त्या कुणीमध्ये मीही आले. परवा काका सांगत होते आणि मी वहीवर विश्वास ठेवला."

मोठ्या साहेबांनी दोन्ही फोटो जवळ ओढून एकेक करून बघितले. माणूस करडा होता, पण सरळ. "रक्त पाठवा. शुक्रवारचं रद्द. आणि काका, तुम्हाला लेखी मेमो मिळेल. मुकादमपदाचं नाव मला मागे घ्यावं लागेल."

"द्या, साहेब," काका म्हणाले. "माझ्या सोळा दाढ्या राहिल्यात, जाऊ का?"

व्हरांड्यात मुकादमानं गाठलं. "गाढव आहेस. एवढ्या वर्षांत मी काय काय खुणा केल्यात माहीत आहे? मी कधी बैठकीत जाऊन ओरडलो?"

"तुम्ही दाढ्या करत नव्हता."

"तेही खरं." मुकादमानं बाह्या वर सारल्या. "चल, खुर्ची धरतो. न्यायाधीश आज पिसाळलाय."

त्या संध्याकाळी काकांनी वही मागून घेतली, लाल पेन्सिलीनं खोट्या खुणांभोवती एकेक गोल केला आणि मोजले. सव्वीस. पानाच्या तळाशी आकडा लिहून सही केली. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

अकराव्या दिवशी रक्ताचा अहवाल आला. गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी जवळजवळ बंद पडली होती. ती बंद पडली की शरीराची सगळी कामं मंदावतात. केस, कातडी, आवाज, विचार, सगळं. क्वचित माणसाला भलतेसलते भासही होऊ लागतात. रविवारी बाईंनी ताईंना समोर बसवून हे समजावलं. काका कोपऱ्यात आपली पेटी आवरत होते. रविवार सुट्टीचा, पण त्या दिवशी ते आले होते.

"त्यांना थंडी खरंच वाजत होती, ताई," बाई म्हणाल्या. "भिंतीचं खोटं होतं, थंडी खरी होती."

ताईंना पहिल्यांदा ते पोचलंच नाही. त्या म्हणाल्या, "म्हणजे मी बोलले, त्यामुळे ग्रंथी बंद पडली?"

"नाही हो. ती आधीच मंदावत चालली होती. म्हणून ते लोळत होते, म्हणून तुम्ही बोललात. तुमचं बोलणं त्यांना लागलं असेल. त्यानं ते वेडे झाले नाहीत."

दीड वर्ष दर रविवारी ताठ बसणाऱ्या ताईंनी पदर तोंडावर घेतला. काकांनी पेटीतला धुतलेला टॉवेल काढून त्यांच्यापुढे ठेवला आणि बाहेर निघून गेले.

गोळी मसुराच्या दाण्याएवढी होती. मुकादमाला पटेचना. "भिंत फोडणाऱ्या माणसाला एवढीशी?" पहिले तीन आठवडे काही झालं नाही. पाचव्या रविवारी घड्याळजी बहिणीला म्हणाले, "खिडकी उघड. कोंदट वाटतंय." ताई उठल्या, खिडकी उघडली आणि तिथेच गज धरून उभ्या राहिल्या. पुढच्या महिन्यात घड्याळजींनी वॉर्डातलं भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं मागे असल्याची तक्रार केली आणि ते खरंच मागे होतं. त्यांची बाकीची औषधं बाईंनी एकेक करून कमी केली.

काका दर सोमवारी आणि गुरुवारी त्यांना खुर्चीत बसवत. काही असो वा नसो, साबण पाच मिनिटं. करायला काही नसलं तर चौकोनात शून्य काढत.

या प्रकरणानंतर नोंदवहीत बाईंनी एक नवा रकाना पाडून घेतला. शेरा. दाढी करताना हाताला, डोळ्याला जे जाणवेल ते काकांनी लिहायचं. काकांचं शिक्षण चौथीपर्यंत. वाक्यं त्यांना जमत नसत, पण एक शब्द पुरे असे. 'ओठ थरथर.' 'जबडा ताठ.' 'मानेला गाठ.' 'उजवा गाल लोंबतो.' थायरॉईडच्या संशयानं त्यांनी पुढच्या नऊ वर्षांत अकरा जणांची नावं दिली. दहा वेळा रक्त चांगलं निघालं. मुकादमानं निवृत्तीनंतर भेटायला आल्यावर यावरून त्यांची यथेच्छ टिंगल केली. काका म्हणाले, "दहांचं चांगलं निघालं हे वाईट झालं का?" अकरावा माणूस स्वयंपाकघरातला जुना कामगार होता, उदास म्हणून दाखल झालेला. तो अडीच महिन्यांत घरी गेला. काका मात्र शेवटपर्यंत मुकादम झाले नाहीत. तो मेमो त्यांनी घरी डब्यात ठेवला होता. फेकून का देत नाही, असं बायकोनं विचारलं, तर म्हणाले, "माझाच आहे."

बाईंनी घड्याळजींवर डॉक्टरांच्या मासिकासाठी लेख लिहिला. पाठवण्याआधी त्यांनी काकांना बसवून मराठीत समजावून सांगितला. रुग्णाच्या दाढीतला बदल वॉर्डातल्या अनुभवी कारागिरानं ओळखला, असं त्यात होतं.

"अजून एक लिहा," काका म्हणाले. "चार महिने उशिरा ओळखला."

"काका, त्याची गरज नाही. मीच दीड वर्ष त्यांना बघत होते."

"तुमचं तुम्ही बघा. माझं लिहा. दुसऱ्या इस्पितळात कुणी माझ्यासारखा असेल, काम वाचलं म्हणून खूश झालेला. त्याला कळायला हवं."

बाईंनी लिहिलं. दोघांचंही लिहिलं.

घड्याळजी घरी गेले तो दिवस गुरुवार होता. ताई दहालाच येऊन बाकावर बसल्या होत्या. सामान म्हणजे एक पिशवी आणि दोन स्वेटर. घड्याळजी स्वतःच खुर्चीत येऊन बसले. गाल पुन्हा निमुळते झालेले, भुवया कोपऱ्यापर्यंत आलेल्या. काकांनी साबण लावला, गुडघा खुर्चीच्या पायाला टेकवला, अंगठ्यानं गाल ताणला. कातडी उबदार होती आणि सुटी. वस्तरा खाली उतरला आणि करकर वाजला.

"आई गं," घड्याळजी म्हणाले. "काका, टोचतंय. साबण कमी झाला."

काकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाच मिनिटंच झाली होती. या माणसाला सात लागत, हे ते विसरले होते.

"चुकलं," ते म्हणाले. त्यांनी वस्तरा पुसून बाजूला ठेवला आणि ब्रश पुन्हा पाण्यात बुडवला.